नैर्ऋत्येची पट्टी

नेरेइदा पोलांकोने बर्फाच्या कारखान्याची शिडी चढायला घेतली, तेव्हा तिचे गुडघे आधीच बोलू लागले होते. छप्पन्न वर्षांचं वय आणि आठवड्यातलं हे अकरावं छप्पर.

डोंगरावरच्या हवामान रडारच्या चित्रात नैर्ऋत्येला एक लांबलचक पांढरी पट्टी उमटत होती. कुणाचा तरी वायरलेस डबा रडारच्याच लहरींवर बोलत होता. रडारला तो पाऊसच वाटायचा. त्या दिशेचं एकेक छप्पर तपासत ती या कोळीवाड्यापर्यंत आली होती.

वर पोचताच हातातला लहरी शोधणारा अँटेना किंचाळला. समोर पाण्याच्या टाकीला बांधलेली तबकडी होती.

"ती काढू नका हं बाई!" कारखाना चालवणारी कासिमीरा खालून ओरडली. "सगळ्या गावाचं इंटरनेट आहे ते. बोटी सोडायच्या आधी आम्ही त्यावरच तर तुमचं रडार बघतो."

नेरेइदा तिथेच टाकीला टेकून बसली. हसायचंही त्राण नव्हतं. मग खाली उतरून तिने फोनवरचं चित्र पुढे धरलं. "ही पट्टी दिसते? ती या तबकडीची आहे."

"अगं बाई! आम्ही तर तिला पाऊस समजलो. दोन दिवस बोटी वाळूवर ओढून ठेवल्यात. आज वैतागून तिघे आपापल्या बोटी घेऊन गेलेच."

"आणि तिच्याआड खरा पाऊस असला, तर तो मला दिसत नाही. तुम्हालाही नाही."

कासिमीराने समुद्राकडे नजर टाकली. "चॅनेल बदला मग."

"इंटरनेट रडतखडत चालेल."

"चालू दे."

नेरेइदाने चॅनेल बदलला आणि आपल्या रडार केंद्रावर फोन लावला. "गेली का?"

"गेली," सहकारी म्हणाला. "पण तिच्यामागे खरंच वादळ निघालंय. लहान आहे, तुमच्याच दिशेने सरकतंय."

कासिमीराने तोवर बिनतारी यंत्र उचललं होतं. "परत फिरा रे! आत्ताच्या आत्ता! जाळी राहू देत!"

तासाभराने तिन्ही बोटी पावसासकट किनाऱ्याला लागल्या. कुणी आभार मानले नाहीत. इंटरनेट का रखडतंय, एवढंच एकाने विचारलं. कासिमीराने त्याला शिवी हासडली आणि नेरेइदासमोर तळलेली मासळी, केळ्याचे काप ठेवले.

फोन वाजला. "उत्तरेला आणखी एक पट्टी दिसतेय. बारीक आहे."

"उद्या," नेरेइदा म्हणाली आणि काटे काढू लागली.