'ओके मॅडम' पोचवणारा वॉकीटॉकी

मी एक जुना वॉकीटॉकी आहे. दुबईत रास अल खोर नावाचा गोदामांचा आणि वर्कशॉपांचा भाग आहे. तिथल्या एका यार्डाच्या स्टोअरमध्ये, सगळ्यात खालच्या ड्रॉवरमध्ये मी पडून असतो. माझ्या अँटेनाला चिकटपट्टी गुंडाळलेली आहे आणि बॅटरी काढून घेतली आहे. शेजारी एक गंजलेला पाना आणि कुणाचा तरी एकुलता एक हातमोजा आहे. दोघंही तोंड उघडत नाहीत. मित्रांनो, जन्मभर माणसांचं बोलणं पोचवणाऱ्याच्या नशिबी असा शेजार यावा, याला काय म्हणायचं!

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तपासणाऱ्याने माझ्यात "हॅलो, हॅलो" केलं, मान डोलावली आणि मला खोक्यात घातलं. माझी एक खोड तेवढी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे सगळं घोडं तिथेच अडणार आहे. माझं बटण दाबून बोलायचं आणि सोडून ऐकायचं. पण एकाने बटण दाबून धरलं, की त्या चॅनेलवर दुसऱ्या कुणाचाच आवाज जात नाही. मग दाबणारा बोलत असो की नुसता गप्प उभा असो. यात माझा इलाज चालत नाही.

यार्डात मी पहिल्यांदा जहूरचाचांच्या छातीवर लटकलो. चाचा रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे. क्रेनला इशारे देणं हे त्यांचं काम. आमचा क्रेनवाला रोमेल हा फिलिपीन्सचा. कंटेनरच्या रांगांमागे माल उतरवायचा असला, की त्याला केबिनमधून काही म्हणजे काही दिसायचं नाही. चाचा पलीकडे उभे राहून माझ्यातून सांगायचे आणि रोमेल त्यांच्या शब्दावर टनावारी लोखंड खाली आणायचा. रोमेलला हिंदी येत नव्हती, त्यामुळे सगळा कारभार इंग्रजीत. आणि चाचांचं इंग्रजी? त्याला ना शेंडा ना बुडखा, 'चल' म्हणायला मध्येच अरबी 'यल्ला'. "माय फ्रेंड, स्लो स्लो स्लो, लिटल डाऊन, यल्ला, स्लो स्लो, खलास!" पोरं हसायची. चाचांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. माल हलत असेपर्यंत त्यांची जीभ थांबायची नाही. रोमेलला त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "आय नो टॉक, यू नो मूव्ह." मी बोलायचा थांबलो, की तूही थांबायचं. एवढंच व्याकरण दोघांनी पाळलं आणि इतक्या वर्षांत कुणाच्या नखाला धक्का लागला नाही.

मालाला पट्टे बांधायला चाचांच्या हाताखाली विघ्नेश होता. संगमेश्वर तालुक्यातला, आयटीआय झालेला, कामाला वाघ. कागदावरचं इंग्रजी त्याला चाचांपेक्षा कितीतरी जास्त यायचं. कामगारांच्या कॅम्पातले लोक औषधाची बाटली वाचायला आणि फॉर्म भरायला त्याच्याकडे यायचे. पण समोर कुणी इंग्रजीत बोललं, की त्याची दातखिळी बसायची.

यामागचं कारण त्याने एकदा जेवताना चाचांना सांगितलं, तेव्हा मी तिथेच लटकत होतो. आठवीत असताना इंग्रजीचा धडा वाचायला तो उभा राहिला आणि अडखळला. वर्ग हसला. ते एक वेळ चाललं असतं, पण सरही हसले. त्यानंतर सरांनी "समजलं का?" म्हटलं, की तो सगळ्यांच्या आधी "हो सर" म्हणायचा. हो म्हटलं की खाली बसायला मिळतं, हे त्याला तेव्हा कळलं आणि ते त्याच्या अंगात मुरलं.

चाचा कायमचे घरी निघाले तेव्हा त्यांनी मला आपल्या हाताने विघ्नेशच्या छातीवर अडकवलं. "अरे, इंग्रजी काय तुझी सासू आहे काय, एवढा लाजतोस तिच्यासमोर?" असं म्हणून ते हसले. विघ्नेशही हसला. त्याचं काळीज केवढ्याने धडधडत होतं, ते फक्त मला कळत होतं.

कंपनीने त्याला चाचांच्या जागी तात्पुरतं घेतलं होतं. बाहेरचा परीक्षक येणार, इंग्रजीत परीक्षा घेणार आणि पास झाला तर कार्ड मिळणार. कार्ड मिळालं की अबुधाबीच्या मोठ्या कामावर सिग्नलमन म्हणून पक्की नेमणूक. नाही मिळालं तर परत पट्टे बांधायचे, आणि पुढच्या वर्षी कंपनी ठेवेल की घरी पाठवेल, देव जाणे. त्यात गावाला त्याच्या बायकोने, ममताने, आमचे हे क्रेनवाल्याला इंग्रजीत ऑर्डरी सोडतात असं वाडीभर करून टाकलेलं. ती फोनवर कौतुकाने विचारायची आणि हा नुसता हं हं करायचा.

सकाळी कंपनीच्या बसमध्ये तो मला बंद करून तोंडाजवळ धरायचा आणि पुटपुटत सराव करायचा. काय सांगू मित्रांनो, काय सुरेख बोलायचा! एकेक वाक्य कसं घासूनपुसून ठेवल्यासारखं. पण यार्डात मला चालू केलं, की त्याच्याकडे दोनच शब्द उरायचे.

"ओके मॅडम."

या मॅडम म्हणजे अफनान मॅडम. माल उचलण्याच्या सुरक्षेचं काम त्यांच्याकडे होतं. त्या जॉर्डनच्या, हुशार आणि कडक. इंग्रजी बोलायच्या ते असं, की निम्मे शब्द माझ्यातून बाहेर पडेपर्यंत उरलेले निम्मे येऊन आदळायचे. विघ्नेशला अर्धं समजायचं, अर्ध्याचा तो अंदाज बांधायचा आणि म्हणायचा "ओके मॅडम." बहुतेक वेळा अंदाज बरोबर यायचा. मला मात्र त्या दोन शब्दांची धास्ती बसली होती. एक दिवस हे अंगाशी येणार, असं मला सारखं वाटायचं. पण मी कुणाला सांगणार? दुसऱ्याचं बोलणं पोचवणारा मी, माझं स्वतःचं बोलणं कोण पोचवणार?

तो दिवस आला. वारा सुटला होता, वाळू उडत होती आणि माझ्या जाळीत कचकच बसत होती. पाइपांचा भारा कंटेनरमागे उतरवायचा होता. मॅडम माझ्यातून बोलल्या. मी शब्द न् शब्द पोचवला, आईशपथ. त्यांनी सांगितलं होतं, की आज नेहमीच्या जागी माल उतरवायचा नाही, कारण तिथे नव्याने खणलेल्या खड्ड्यात वायरमन शाहबाज केबल तपासायला उतरला आहे. विघ्नेशच्या कानात फक्त "नेहमीची जागा" एवढंच शिरलं. बाकीचं वाऱ्याने आणि घाईने नेलं. "पुन्हा सांगा" म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण वर्ग हसेल ना! पस्तिशीच्या माणसाचा वर्ग अजून हसत होता.

"ओके मॅडम," तो म्हणाला.

भारा उचलला गेला. विघ्नेश रोमेलला नेहमीच्या जागेकडे आणू लागला. स्लो, स्लो, लेफ्ट, स्लो. भारा खड्ड्यावर आला आणि खाली उतरू लागला. तेवढ्यात खड्ड्यातून एक हेल्मेट वर आलं.

विघ्नेशने माझं बटण दाबलं. आणि गप्प! 'स्टॉप' हा शब्द त्याला येत नव्हता असं नाही हो, तो तर शेंबड्या पोराला येतो. पण बोलायच्या आधी आख्खं वाक्य मनात जुळवायचं, चूक नाही ना बघायचं आणि मगच तोंड उघडायचं, ही त्याची सवय. त्या क्षणीही त्याचं मन वाक्यच जुळवत बसलं. अंगठा माझ्यावर दाबलेला आणि तोंडातून शब्द नाही. पलीकडून मॅडमनाही ते हेल्मेट दिसलं होतं. त्या त्यांच्या सेटवर जीव खाऊन ओरडत होत्या, पण त्यांचा आवाज रोमेलपर्यंत जाणार कसा? चॅनेल विघ्नेशच्या अंगठ्याने अडवलेला. माझ्यातून जात होता तो फक्त त्याचा श्वास. मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यात एवढा घाबरलो नव्हतो मी. बोल रे बाबा, नाहीतर अंगठा तरी उचल, असं मी आतल्या आत ओरडत होतो.

रोमेलने कानात नुसता श्वास ऐकला. 'स्लो स्लो' बंद झालं होतं. नो टॉक, नो मूव्ह. त्याने क्रेन थांबवली.

भारा वाऱ्याने झुलत राहिला, शाहबाजच्या डोक्यावर जेमतेम हातभर. शाहबाज रांगत बाहेर आला आणि वाळूत बसून त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं. विघ्नेशचा अंगठा तरीही माझ्या बटणावरून निघेना. मिथुनने, म्हणजे पट्टे बांधणाऱ्या त्याच्या सोबत्याने, तो धरून बाजूला केला.

दुपारी पोर्टा केबिनमध्ये, म्हणजे यार्डातल्या पत्र्याच्या ऑफिसात, चौकशी होती. आत जाण्याआधी मिथुनने विघ्नेशला कोपऱ्यात घेतलं. "सेट बंद पडला म्हणून सांग. जुनाच तर आहे, मार त्याच्या माथी. त्याला कुठे बायकापोरं आहेत?"

खरंच होतं ते. मला भंगारात टाकलं असतं, कार्डाची परीक्षा ठरल्या दिवशी झाली असती आणि ममताची मान वाडीत ताठ राहिली असती. कुणाचंच काही बिघडलं नसतं. विघ्नेशने मिथुनला नकार दिला नाही, हे मला जास्त लागलं.

मॅडमनी मला टेबलावर मधोमध ठेवलं. रोमेल दाराशी उभा होता. मॅडमनी विचारलं, सकाळी मी काय सांगितलं ते तुला समजलं होतं का? या वेळी त्या सावकाश बोलल्या. ओरडून त्यांचा आवाज बसला होता. विघ्नेशने माझ्याकडे बघितलं. आता हा "हो" म्हणणार आणि पुढचं माझ्यावर ढकलणार, अशी माझी खात्रीच झाली होती.

"नो मॅडम," तो म्हणाला. "रेडिओ इज गुड. आय डिड नॉट अंडरस्टँड. आय सेड ओके."

मग त्याच्या तोंडून आणखी तीन शब्द निघाले, अगदी हळू. "आय वॉज अफ्रेड."

माझ्यासमोर, भर माणसांत, त्याने बोललेली ही पहिली सलग इंग्रजी वाक्यं. घासूनपुसून ठेवलेली नव्हती, थरथरत आली. पण पोचली. तो हे सांगत असताना मला त्याचा फार अभिमान वाटला.

मॅडमनी त्याला माफ वगैरे केलं नाही. त्याला सिग्नलवरून काढलं, परीक्षा पुढे ढकलली आणि पुन्हा पट्टे हातात दिले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी एक नियम केला. यापुढे चॅनेलवर "ओके" चालणार नाही. जे ऐकलं ते ज्याने त्याने आपल्या शब्दांत परत सांगायचं. आणि त्या स्वतःही दमाने बोलू लागल्या. त्यांच्या घरची भाषा अरबी, रोमेलची त्याच्या बेटावरची, विघ्नेशची मराठी. इंग्रजी ही तिघांचीही उसनी भाषा, आणि भीती मात्र एकट्या विघ्नेशने बाळगली होती!

तो उन्हाळा त्याने खाली मान घालून काढला. ममताला त्याने खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, माणूस वाचला ना, मग वाडीला मी बघून घेते. दुपारच्या सुट्टीत तो मला मागून घ्यायचा आणि रिकाम्या चॅनेलवर रोमेलशी बोलायचा. आता मी चालू असायचो. डब्यात काय आहे, गावाला पाऊस किती, असलं काहीबाही. दोघंही चुकायचे. रोमेल हसला की हाही हसायचा. हसण्याने माणूस मरत नाही, हे कळायला त्याला आठवीपासून इथवर यावं लागलं.

अखेर परीक्षक आला. तोवर यार्डात नवे सेट आले होते, पण विघ्नेशने मलाच मागितलं. परीक्षकाने भराभर काहीतरी सांगितलं. मला कळलं, की विघ्नेशला कळलेलं नाही. अंगठा माझ्या बटणावर आला. माझा जीव पुन्हा टांगणीला लागला.

"सॉरी सर, आय डिड नॉट अंडरस्टँड. प्लीज से अगेन."

परीक्षकाने पुन्हा सांगितलं. विघ्नेशने आपल्या शब्दांत ते परत ऐकवलं. मग माल हलला आणि त्याची जीभ सुरू झाली, स्लो स्लो स्लो, माय फ्रेंड, लिटल डाऊन. हुबेहूब चाचांसारखी. माल टेकला तेव्हा "खलास" म्हणायलाही तो विसरला नाही.

त्याच संध्याकाळी माझी बॅटरी काढली आणि मला इथे टाकलं. निकाल काय लागला ते कुणी मला सांगितलं नाही. जुन्या वस्तूला कोण सांगतं? कितीतरी दिवस मी या हातमोज्याशेजारी तळमळत पडलो होतो. मग एकदा मिथुन स्टोअरमध्ये येऊन फोनवर बोलू लागला. आता सिग्नलचं काम त्याच्याकडे होतं आणि तो रडकुंडीला आला होता. मॅडम काय बोलतात ते डोक्यावरून जातं, काय करू, असं विचारत होता. फोन स्पीकरवर होता. मागे कुठल्या तरी प्रचंड क्रेनची घरघर ऐकू येत होती आणि अबुधाबीहून माझ्या ओळखीचा माणूस बोलत होता.

"विचार. लाज वाटली तरी पुन्हा विचार," विघ्नेश म्हणाला. मग म्हणाला, "आणि तो जुना सेट भंगारात देऊ नका."

मित्रांनो, मला ठेवा नाहीतर टाका, माझं काय, मी बोलून चालून वस्तू. पण तुमच्या वर्गात बाई रोज विचारतात, "समजलं का?" आणि सगळा वर्ग एका सुरात "होऽऽ" म्हणतो. त्या सुरात तुमचं तोंड उघडेल आणि मनात मात्र नाही असेल, तेव्हा एवढीच माझी विनंती आहे. खाली बसायची घाई करू नका. वर्ग हसेल, हसू दे. कुणाच्या तरी डोक्यावर तुमचा "हो" झुलत असतो.