नबीच्या खडकाचे गट्टू

त्या दिवशी आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. इस्राएलात रामल्याच्या शिकुनातली, म्हणजे सरकारी वसाहतीतली, आमची दीड खोली ती केवढी, आणि तिच्यात अख्खी इमारत येऊन कोंबलेली. बायका पलंगावर, पुरुष भिंतीला टेकून, उरलेले जिन्यात माना उंच करून. आणि सगळे डोळे फाडून बघत काय होते? तर आमचा रेडिओग्राम! रेडिओ आणि रेकॉर्डची तबकडी एकाच पेटीत असलेला, मुंबईहून बोटीनं आणलेला, ज्याच्यावर मी रोज फडकं मारते, तोच.

त्याच्यापुढे बेझालेल उकिडवा बसला होता. मुंबईत हा काय करायचा ते कुणालाच धड माहीत नव्हतं. इथं येऊन तो आवाजाचा वैद्य झाला होता. तळहातावर त्यानं चार काळे गट्टू मांडले होते.

"मंडळी, आवाज म्हणजे पाणी! या देशातली फरशी त्याला पिऊन टाकते. म्हणून तुमची गाणी इथं आल्यापासून मेल्यासारखी वाजतात. हे गट्टू खाली ठेवा, फरशीचं तोंड बंद! आणि हे साधे नाहीत हो. आपल्या कोकणातल्या खंडाळ्याच्या खडकाचा चुरा आहे यात, जिथं एलियाहू हन्नाबीच्या रथाच्या खुणा उमटल्या. वर इथल्या, नबीच्याच कार्मेल डोंगराची माती. आता बोला!"

बोलणार कोण? कोकणातल्या आम्हा बेने इस्राएल लोकांपुढे एलियाहू हन्नाबीचं, रथातून स्वर्गात गेलेल्या आमच्या प्रेषिताचं, नाव घेतलं की हात आपोआप जोडले जातात. माझेही जोडले जातात. मूल आजारी पडलं तर मीही मलिद्याचा नवस बोलते. पण नबीनं आता रेडिओग्रामचे पाय धरायचे? माझं डोकंच फिरलं.

माझे सासरे अबाजी अगदी पुढे, खुर्चीत. कोकणात नवगावला असताना ते कीर्तन करायचे. मुंबईत एकदा हौसेनं त्यांनी योसेफाच्या आख्यानाची रेकॉर्ड कापून घेतली होती. मागे साथीला माझ्या सासूबाई, सिपोरा. सासूबाई इथं यायच्या आधीच गेल्या. त्यांचा आवाज उरला तो तेवढ्या रेकॉर्डमध्ये. आणि वर्षभर मामंजींची एकच तक्रार: "मशीन बिघडलंय गो सोफी. माझा आवाज येतो, तिचा येत नाही."

मी कुपत होलिमच्या, म्हणजे इथल्या आजारविम्याच्या, दवाखान्यात नर्स आहे. मामंजींचा डावा कान कधीचाच गेलेला, आणि आता उजवा वाहतो हे मला उशीवरच्या डागांवरून कळलं होतं. मी त्यांना ओढत डॉक्टर रूवेनकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, कानामागचं हाड आतून पोखरतंय, ऑपरेशन करा, नाहीतर कान जाईल आणि सडका भाग मेंदूकडे सरकेल. तारीख मिळाली ती नेमकी नबीच्या उरुसाच्या दुसऱ्या दिवसाची. आणि मामंजी काय म्हणतात? "कान ठीक आहे. मशीन दुरुस्त करा."

तर बेझालेलनं आधी रेकॉर्ड वाजवली. मामंजींनी मान हलवली, "नाही येत." मग तो वाकला, आधाराला म्हणून एका हातानं रेडिओग्रामची पुढची बाजू धरली, दुसऱ्यानं गट्टू सरकवले, तोंडानं काहीतरी पुटपुटला. पुन्हा सुई टेकवली.

"आली!" मामंजी खुर्चीतून उठलेच. "सिपोरा आली! ऐका गो, ऐका!" त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. शेजारच्या योखेवेदबाईंनी पदर डोळ्यांना लावला. जिन्यातले लोक म्हणाले, काय स्वच्छ, काय गोड! मलाही तसंच वाटलं, हे सांगते. त्यानंच माझा जास्त संताप झाला.

"आता यांच्या कानाला सुरी लावू नका," बेझालेल मला म्हणाला. "नबीनं हात फिरवल्यावर डॉक्टर मध्ये आणला तर कृपा उडून जाते."

"कृपा उडते की तुमचं दुकान?" मी म्हटलं.

"सोफी!" माझे मिस्टर एलिएझर दबक्या आवाजात ओरडले. "किती दिवसांनी बाबा हसलेत. गप्प बस ना."

करते काय! सबंध इमारतीला एकटी नर्स वेडी वाटत होती. मामंजींनी कानातलं औषध घालणं त्याच दिवशी सोडलं. मी बाटली घेऊन मागे लागले, तर म्हणाले, "तुझा विश्वास नाही पोरी, म्हणून तुला भीती वाटते."

शुक्रवारी शब्बाथच्या आधी घर पुसत होते. रेडिओग्रामवरून फडकं फिरवताना हात थांबला. आमच्या खालच्या मजल्यावरच्या गेवेरेत, म्हणजे बाईसाहेब, फार तापट. दुपारी दोन ते चार या मुलखात सगळे झोपतात, आणि कुणाचा आवाज झाला की ही बाई झाडूच्या दांड्यानं छत बडवते. म्हणून आवाजाच्या बटणावर मी नखांच्या लाल रंगाचा ठिपका दिला होता. ठिपका बरोबर वर असला की खाली शांतता. घरात सगळ्यांना ताकीद होती की याच्यापुढे न्यायचं नाही. आणि आता तो ठिपका चांगला दोन बोटं उजवीकडे गेलेला!

मला बेझालेलचा तो टेकलेला हात आठवला. आधाराला म्हणे! आधार घेता घेता अंगठ्यानं बटण फिरवलं होतं मेल्यानं.

मी ठिपका वर आणला, मामंजींना रेकॉर्ड लावून दिली. गट्टू जागेवरच होते. मामंजी म्हणाले, "आज सिपोरा रुसली." मी एलिएझरना बटण दाखवलं. ते म्हणाले, "असेल. पण बाबांना कोण सांगणार?" अरे देवा! ऑपरेशनची तारीख जवळ येतेय, आणि आमचं हे असं.

बेझालेलला कळवलं तर त्याचं उत्तर तयार. "गट्टूंना अजून मलिदा दाखवला नाही ना! उरुसाला दाखवा. मी येतो, बाकीच्यांसाठीही गट्टू आणतो."

उरुसाला चार वाजून गेल्यावर पुन्हा तोच मेळा. नबीच्या नावानं भरलेलं मलिद्याचं ताट, पोहे, गूळ, ओलं खोबरं, फळं, सगळं रेडिओग्रामसमोर मांडलेलं. मला बघवेना. प्रार्थना झाली आणि बेझालेल बाह्या सावरत पुढे सरसावला. मी आडवी उभी राहिले.

"थांबा बेझालेलभाऊ. आज मशीनला हात मी लावणार. खाली चादर सोडते, म्हणजे गट्टू दिसणार नाहीत. दोनदा रेकॉर्ड लावते. कधी गट्टू आहेत, कधी नाहीत, ते तुम्हीच सांगा."

"नबीची परीक्षा घेता?" तो कडाडला.

"नबीची नाही हो, तुमची."

"होऊ दे की," योखेवेदबाई म्हणाल्या. "आपलं खरं आहे तर भ्यायचं कशाला?" बाई भक्तीनं बोलल्या, पण काम माझं झालं.

चादर सोडली. पहिली खेप. लाल ठिपका वर, गट्टू जागच्या जागी. मामंजींनी मान हलवली. बेझालेल हसला. "बघा, गट्टू काढल्याबरोबर आवाज मेला!"

मी एलिएझरना खूण केली. त्यांनी तोंड पाडून रेडिओग्राम थोडा उचलला, मी चादरीखाली हात घालून खुडबुड केली आणि उठता उठता बटण दोन बोटं फिरवलं. सुई टेकवली.

"आली!" मामंजी ओरडले. "ही बघा, आली!"

"बसले गट्टू!" बेझालेलनं दोन्ही हात वर केले. "नबीची कृपा! आता कुणाला शंका आहे का?"

"मला आहे," मी म्हटलं आणि चादर ओढली.

रेडिओग्राम नुसत्या फरशीवर उभा होता. चारही गट्टू मी एप्रनच्या खिशातून काढून टेबलावर ठेवले.

"तुमच्या अविश्वासानं..." बेझालेल सुरू झाला.

"गप्प! अविश्वासानं आवाज वाढतो का? हे बटण बघा सगळ्यांनी, हा ठिपका बघा. आवाज थोडा मोठा केला की आपल्या कानाला तो स्वच्छ वाटतो, गोड वाटतो. तुम्हाला वाटला, मलाही वाटला. माणसं चालली की सुई उडू नये म्हणून खाली रबर ठेवा, त्यात खोटं नाही. पण रबरानं गेलेला आवाज परत येत नाही." मी सुरीनं एक गट्टू उभा चिरला. वरून काळा रंग, त्याखाली रबर, आत नुसतं प्लास्टर. "लंगड्या माणसाच्या कुबडीला खाली बसवतात ते हे बूच आहे. आमच्या दवाखान्यात खोकं भरून पडलेत. हा तुमचा खंडाळ्याचा खडक!"

कुणीतरी जिन्यात हसलं. बेझालेल पिशवी उचलून माणसांतून वाट काढत निघाला, कुणी त्याला अडवलं नाही. माझं लक्षही तिकडे नव्हतं. मामंजी रेडिओग्रामपुढे वाकले होते. त्यांनी स्वतः बटण खाली केलं, वर केलं, पुन्हा खाली केलं. मग ठिपका वर आणून मला विचारलं, "आत्ता ती गातेय?"

"हो मामंजी."

"तुला ऐकू येतेय?"

"येतेय."

त्यांनी रेडिओग्रामवरून एकदा हात फिरवला. "म्हणजे मशीन चांगलं आहे," ते म्हणाले. मला इतका वेळ आलेला राग कुठे गेला कळेना, रडूच आलं. मग ते खुर्चीत बसले. "उद्या किती वाजता निघायचं?"

ऑपरेशन झालं. सडलेलं हाड काढलं, जीव वाचला. कान अर्धामुर्धा वाचला. डॉक्टर रूवेन म्हणाले, वर्षापूर्वी आणलं असतंत तर पुरता वाचला असता. हे वाक्य मी इमारतीतल्या प्रत्येकाला ऐकवलं, आणि तरी काय सांगू! योखेवेदबाईंनी बेझालेलकडून आणलेले गट्टू अजून शिवणयंत्राखाली आहेत. म्हणतात, राहू दे गो, काही वाईट तर करत नाहीत ना? कपाळ माझं! बाई, वाईट ते गट्टू करत नाहीत. गट्टू ठेवले की आपण डॉक्टरकडे जात नाही, वाईट ते करतं. नबीला खुशाल नवस बोला. पण कुणी चमत्कार दाखवू लागला की आधी त्याचा दुसरा हात कुठे आहे ते बघा, आणि तीच गोष्ट तो नसताना एकदा स्वतः करून बघा.

पट्टी सुटली त्या दुपारी मामंजींनी रेकॉर्ड मागितली. मी ठिपका वर ठेवला. त्यांनी मान तिरकी केली, डोळे मिटले.

"बारीक येते," ते म्हणाले. "पण येते."

मी म्हटलं, एक दिवस होऊ दे, आणि बटण दोन बोटं फिरवलं. थोड्याच वेळात मामंजींनी डोळे उघडले.

"सोफी, खालून कुणी ठोकतंय काय गो?"

घरात जरा आवाज चढला की गेवेरेतच्या झाडूचा दांडा वर्षभर खालून आमच्या फरशीवर आदळत होता. त्यांना तो आज पहिल्यांदा ऐकू आला होता.

"ठोकू दे मामंजी," मी म्हटलं.