पाटी पुसणारा पाहुणा

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. मित्रांनो, कुरवंड्यातल्या एका घराच्या पडवीत भरतकामाचे यंत्र आहे. त्याला जोडलेल्या संगणकाच्या पोटात मी राहते. कारखान्यातून निघाले तेव्हा आरशासारखी लख्ख होते आणि कोरी. राजेश्वरीने मला भरले. करवंदाची जाळी, कारवीची फुले, सुळक्याची किनार अशी स्वतः रेखाटलेली नक्षी ती माझ्याकडे ठेवी आणि यंत्र ती ब्लाउजवर उतरवी. लोणावळ्याच्या नवऱ्या मुली हरखून जात. कौतुक यंत्राचे होई. माझे कोण करतो?

माझ्या अगदी पहिल्या कप्प्यात एक चिमुकली नोंद असते. संगणक सुरू झाला की आधी ती वाचतो, तेव्हा कुठे त्याला कार्यप्रणालीचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा, पत्ता लागतो. दारावरची पाटीच म्हणा ना. पाटी पुसली म्हणून घर पडत नाही, पण ते कुणाला सापडतही नाही.

दसऱ्याला आम्हाला हळदकुंकू लागले, झेंडूची माळ पडली. राजेश्वरीचा दीर संदेश याला पर्यटकांच्या बुकिंगसाठी नवी कार्यप्रणाली हवी होती. माझा एक भाग रिकामाच होता. ती बसवणारा इन्स्टॉलर पेनड्राइव्हमधून आला.

"आटप की रं, मुहूर्त टळंल!" सासूबाई रतनबाई नारळ घेऊन उभ्या होत्या.

"झालंच आये. नुसतं 'पुढं, पुढं' दाबायचंय."

संदेशने वाचले नाही, हे खरे. पण वाचण्यासारखे होते काय? त्या दीडशहाण्या इन्स्टॉलरने 'स्वागत' लिहिले, रंगीत चित्रे दाखवली, घड्याळ कोणत्या देशाचे लावू तेही अदबीने विचारले. शेजारच्या भागात आधीपासून कुणी राहते का, एवढे मात्र पाहिले नाही. माझी पाटी पुसली, स्वतःचे एकट्याचे नाव लिहिले आणि वर अभिनंदनही केले. असल्या उर्मटपणाला म्हणे 'सोपेपणा' म्हणतात!

नारळ फुटला. राजेश्वरी कामाला बसली, तर जुनी प्रणाली दिसेना, नक्षीही दिसेना. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

"वहिनी, समदं उडालं," संदेश ओशाळून म्हणाला. "आता डिस्क पुसून कोरी करतो, मग तुमचा प्रोग्राम परत टाकू."

मी नुसती गरगरत राहिले. ओरडणार कशी?

"हात लावू नका, भावजी! दिसत नाही म्हणजे उडालं कशावरून?" राजेश्वरीने संगणक बंद केला आणि मैत्रिणीला फोन लावला.

चैताली लोणावळ्यात संगणक शिकवते. तिने आपल्या पेनड्राइव्हवरून संगणक चालू केला आणि माझ्यात डोकावली. कारवी जागच्या जागी फुललेली होती. तिने आधी सगळ्याची प्रत काढली, मग नव्या पाटीवर दोन्ही प्रणालींची नावे लिहिली. आता सुरू होताना संगणक विचारतो, कुणाकडे जायचे?

"एवढं विचारायला त्या इन्स्टॉलरच्या जिवावर आलं होतं होय?" राजेश्वरी म्हणाली.

"दसऱ्याला आपट्याचं सोनं लुटत्यात," रतनबाई फणकारल्या. "ह्यो मेला माज्या सुनंचं लुटाया निघालता!"

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणीतरी असा इन्स्टॉलर लिहील. आधी कोण राहते ते पाहा. विचारा. जुन्या नोंदीची प्रत ठेवा आणि मगच लिहा, तेही दोघांची नावे. इतके जमत नसेल, तर निदान पडद्यावर 'स्वागत' लिहू नका. स्वागत यजमानाने करायचे असते.