सुरीला लावायचं मलम

जखम माणसाला झाली तरी औषध सुरीला लावायचं, यावर औषधवाल्या मेल्खिओर क्राउटवाल्डचा ठाम विश्वास होता. ज्या सुरीने कापलं तिला रक्ताची ओढ राहते, आणि तिला मलम चोळलं की गुण त्या ओढीने जखमेपर्यंत पोचतो, मग जखमी माणूस शेजारच्या खोलीत असो की चार गावं पलीकडे. ऐकणाऱ्याला हसू येतं, पण माणूस वेडा नव्हता. लोहचुंबक लांबून सुई ओढतो, तेव्हा मधली दोरी कुणाला दिसते का, असं तो विचारी. त्या काळी भल्याभल्या विद्वानांनाही याचं उत्तर देता येत नसे, त्यामुळे मेल्खिओर ते वरचेवर विचारी.

एक माणूस मात्र याला बधत नसे. तो म्हणजे मेल्खिओरच्या बायकोचा भाऊ योस्ट, ग्रुनेनाउ गावचा न्हावी. गावात दाढ्या करणं, दात उपटणं, हाडं बसवणं आणि जखमा बांधणं ही सगळी कामं त्याच्याच दुकानात चालत.

"दुखणं रेड्याला अन् डाग पखालीला!" योस्ट म्हणे. "दाजी, उद्या मी गिऱ्हाइकाची दाढी करायची सोडून वस्तऱ्याचीच करतो."

"कर की. निदान गिऱ्हाइकाचा गाल तरी वाचेल," मेल्खिओर म्हणे.

योस्टचं स्वतःचं औषध वडिलांपासून चालत आलेलं होतं. कढत तेल, डुकराची चरबी आणि कबुतराची विष्ठा, असं सगळं एका मडक्यात शिजवून तो ते थेट जखमेत भरी. रोगी बोंबलला की योस्टला बरं वाटे. औषध लागू पडतंय म्हणे.

एका बाजाराच्या दिवशी पिंपं बनवणाऱ्या फाइटच्या हातून सुरी निसटली आणि अंगठ्याच्या बुडाशी खोल रुतली. दोघेही धावले. एकाने फाइटचा हात धरला, दुसऱ्याने सुरी धरली, आणि भर चौकात दोघांची जुंपली.

"अरे, भांडण मागनं करा!" पांढराफटक पडलेला फाइट ओरडला. "अंगठा माझा जातोय! पिंपाला फळी काय दातांनी धरू?"

मग तिथल्या तिथे पैज ठरली. अंगठा सडला तर मेल्खिओरने आपली मलमाची भट्टी फोडायची. बरा झाला तर योस्टने आपलं मडकं कायमचं झाकून ठेवायचं. मेल्खिओरने जखम स्वच्छ पाण्याने धुतली, धुतलेल्या कापडाने बांधली आणि फाइटला बजावलं, "आता हिला कशाचाही स्पर्श नको. ओढ बिघडते." सुरी घेऊन तो घरी आला. तिला वाऱ्याची झुळूकही लागू द्यायची नव्हती, आणि विस्तवाजवळ तर मुळीच न्यायची नव्हती. सुरी तापली की तिकडे जखम पेटते, असं त्याच्या वडिलांनी शिकवलं होतं.

त्या दिवसापासून मेल्खिओर रोज सकाळी चांगला ग्रह बघून सुरीला मलम चोळी, मऊ कापडात गुंडाळी आणि पेटीत निजवी. बायकोला त्याने इतक्या मायेने कधी शाल पांघरली असेल की नाही, शंकाच आहे.

आणि अंगठा बरा होत गेला! पू नाही, ताप नाही, सूज नाही. पट्टी कायमची सोडायच्या दिवशी मेल्खिओरने फाइटला आणि योस्टला जेवायला बोलावलं. योस्टचं तोंड एवढंसं झालं होतं. फाइट बीअर पिऊन खुशीत होता. मेल्खिओर हॅम आणायला स्वयंपाकघरात गेला, तर त्याची बायको वाल्बुर्गा सुरीच्या टोकावर चीजचा तुकडा खोचून चुलीत भाजत होती.

सुरीच्या मुठीवर फाइटची पिंपाची खूण डागलेली होती.

"अगं, ही सुरी कुठली?"

"कुठली म्हणजे? आपलीच. फळीवर होती. हल्ली काय छान कापते हो! कांदा म्हणू नका, कोबी म्हणू नका. अन् पाव भाजायला तर..."

ती थांबली. तिनेही खूण पाहिली. त्या दिवशी मेल्खिओरने सुरी क्षणभर फळीवर ठेवून मलमाची बरणी काढली होती, आणि परत उचलताना शेजारची घरची सुरी उचलली होती. दोन्ही सुऱ्या एकाच लोहाराच्या, एकाच घडणीच्या. इतके दिवस त्याने लाड केले होते ते कोबीच्या सुरीचे.

मेल्खिओरने तिच्या हातून सुरी घेतली आणि सरळ निखाऱ्यात खुपसली. पातं लाल झालं. त्याने दाराशी कान लावला. बाहेर फाइट हसत होता. मेल्खिओरने सुरी व्हिनेगरमध्ये बुडवली, मीठ चोळलं, वर परत तापवली. बाहेर फाइट गायला लागला. बेसूर गात होता, पण वेदनेने नव्हे.

मेल्खिओर स्टुलावर बसला. त्याला रडू येत होतं. सगळं आयुष्य या मलमात गेलं होतं, आणि त्याआधी वडिलांचं.

"हे बघा, कळलं ते आपल्या दोघांनाच," वाल्बुर्गा हळूच म्हणाली. "मी नाही बोलायची. अन् योस्टचं ते मडकं झाकलेलंच बरं. गेल्या वर्षी त्या मडक्यानं लोहाराचं काय केलं, पाहिलंत ना?"

तिचं चुकत नव्हतं. गप्प बसलं की अब्रूही राहत होती आणि गावाचंही भलं होत होतं. खोटं त्याने पचवलंही असतं. पण मग अंगठा बरा कशाने झाला? हा प्रश्न काही केल्या गिळला जाईना.

तो उठला आणि दोन्ही सुऱ्या नेऊन जेवणाच्या टेबलावर ठेवल्या. सगळं सांगितलं, कांद्यासकट.

योस्ट इतका हसला की त्याला ठसका लागला. "कोबीच्या सुरीला मलम! दाजी, धन्य आहे तुमची! चला, भट्टी फोडा. मी मडकं चढवतो चुलीवर!"

"थांब. माझं मलम कुठे लागलं?"

"कोबीला!"

"अन् तुझं?"

फाइटने अंगठा वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला. अंगठा झकास चालत होता. मग योस्टला लोहार आठवला असावा, कारण त्याचा चेहरा एकदम उतरला.

"वडिलांचं औषध आहे ते, दाजी."

"माझंही वडिलांचंच रे."

"मग हा बरा झाला कशाने?"

"पाण्याने, फडक्याने, आणि आपण दोघांनी हात लावला नाही म्हणून," मेल्खिओर म्हणाला. "पण एका अंगठ्यावरून काय सांगावं? पुढचा येऊ दे. आपण दोघं मिळून बघू."

पुढचा आला तो एक लाकूडतोड्या, पोटरीवर कुऱ्हाड बसलेली. योस्टने जखम धुतली, कापड बांधलं. एवढ्यात संपलं! योस्टने हात पुसले, पुन्हा पुसले, पट्टीची गाठ चाचपली. काही न करता बसणं त्याच्या घराण्यात कुणाला ठाऊक नव्हतं. तो हळूहळू मडक्याकडे सरकू लागला, तेवढ्यात मेल्खिओरने ती कुऱ्हाड आणि मलमाची बरणी त्याच्या मांडीवर आणून ठेवली.

"घे. चोळ."

"आता कशाला? यानं काही होत नाही, असं तुम्हीच म्हणालात ना?"

"कुऱ्हाडीला काही होत नाही. पण तुझे हात तिथं गुंततात."

योस्टने लाकूडतोड्याकडे पाहिलं, मडक्याकडे पाहिलं, आणि पुटपुटत बरणीत बोटं घातली.

"नीट चोळ," मेल्खिओर म्हणाला. "दांडाही राहिलाय."