सहावी बॅग

“बॅगेची दया करायची नाही, बाई. आपण केली तरी रस्ता करणार नाहीये.”

कारखान्यात काम शिकवणाऱ्या मोठ्या बाईंचा तो आवाज सदतीस वर्षांनंतरही कानात जसाच्या तसा होता. झटकाबाईंनी बॅगेचा दांडा पूर्ण वर ओढला, मुठीत घट्ट धरला आणि खांद्यापासून असा काही हिसका दिला, की बॅग वीतभर उडून दाणकन खाली आली. दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

“आजी, आजी! बॅग आहे ती, बैल नाही!” विक्रेता धावत आला.

“बैलाला कोण असा हिसका देईल?” झटकाबाई शांतपणे म्हणाल्या. मग त्यांनी दांडा डावी-उजवीकडे हलवून पाहिला. “ऐक. खुळखुळतोय. आत्ताच ही तऱ्हा, तर सहा महिन्यांनी हातात येईल. ही नको.”

ही चौथी. पहिलीचं आतलं अस्तर उघडून त्यांनी चाकं कशी बसवलीत ते बघितलं. चाकं रिबिटांनी ठोकलेली होती, म्हणजे एक मोडलं की बॅगच टाकायची. ती नको. दुसरीचं कवच दोन्ही अंगठ्यांनी दाबलं, तर ते जराही दबलं नाही. “जे वाकत नाही ते तडकतं,” असं म्हणून ती बाजूला केली. तिसरीची चेन लावून घेतली, सुनेच्या पर्समधलं बॉलपेन काढलं आणि चेनेच्या दातांच्या मधोमध खुपसलं. चेन तोंड वासून उघडली. विक्रेत्याचंही तोंड तसंच उघडं राहिलं.

“आजी काय पोलिसांत होत्या का?” त्यानं हळूच सुनेला विचारलं.

“बॅगांच्या कारखान्यात होत्या. तपासणी खात्यात,” सून म्हणाली. “एकतीस वर्षं.”

आणि खरंच, ती एकतीस वर्षं झटकाबाईंनी दुसरं काही केलं नव्हतं. तयार मालाच्या प्रत्येक खेपेतून एक बॅग उचलायची, ती वजनानं भरायची, खडबडीत फिरत्या पट्ट्यावर तासन्‌तास पळवायची, उंचावरून आपटायची, दांड्याला झटके द्यायचे. झटक्यांना यंत्र होतं. पण यंत्रानं पास केलेली बॅगही बाईंच्या हातून गेल्याशिवाय कागदावर सही व्हायची नाही. त्यावरूनच नाव पडलं, झटकाबाई. नाव ठेवणारा साहेब कधीच निवृत्त झाला, पण नाव तेवढं राहिलं. एरवी बाई इतक्या मऊ, की घरात कुणावर आवाज चढवल्याचं कुणाला आठवत नाही. पहाटे उठून प्रार्थनेला बसायचं आणि मग चूल, हा त्यांचा नेम तापातसुद्धा चुकला नव्हता.

आजची खरेदी सुनेसाठी होती. प्रयोगशाळेतल्या रक्ततपासणीच्या यंत्रांचं काम ती शिकलेली होती. इतकी वर्षं ऑफिसात बसून फोनवर लोकांना समजावून सांगत होती. आता तिला गावोगावच्या दवाखान्यांत जाऊन तिथल्या लोकांना शिकवायचं काम मिळालं होतं. दर आठवड्याला चार दिवस बाहेर, विमानानं जायचं आणि विमानानं यायचं. सोमवारी पहिली फेरी. विमानात सोबत नेता येईल अशी लहानशी पण दमदार बॅग हवी होती.

“आई, तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला विचारू मी?” असं म्हणून सुनेनं त्यांना आणलं होतं. छोटीला, म्हणजे सात वर्षांच्या नातीला, शेजाऱ्यांकडे ठेवलं होतं.

पाचवी बॅगही गेली. तिचं हँडल शिवणीत ढिलं होतं.

“आजी, आता माझ्याकडे शाळेची दप्तरं तेवढी उरलीत,” विक्रेता घाम पुसत म्हणाला. तरीही माणूस भला. मागच्या खोलीत गेला आणि धूळ झटकत एक साधी राखाडी बॅग घेऊन आला. “ही कुणी बघत नाही. दिसायला अगदीच ही आहे ना.”

झटकाबाईंनी अस्तर उघडलं. चाकं स्क्रूंनी बसवलेली, प्रत्येकाखाली जाड पट्टी. कवच दाबलं तर दबलं आणि टपकन पुन्हा वर आलं. पेन चेनवरून नुसतंच घसरलं. दांडा ओढला, झटका दिला, एक, दोन, पाच, दहा. कुठे हूं की चूं नाही. त्यांनी ती उचलून गुडघ्यापासून खाली सोडली. विक्रेत्यानं डोळे मिटून घेतले. बॅग चारही चाकांवर उभी राहिली.

सून हसून म्हणाली, “झालं. पास.”

झटकाबाईंनी बॅगेभोवती एक फेरी मारली. दुसरी मारली. मग म्हणाल्या, “रंग बरा नाही.”

“काय?”

“राखाडी आहे. डाग दिसतील. आपण दुसऱ्या दुकानात बघू. नाहीतर पुढच्या आठवड्यात...”

सुनेच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं. विक्रेता काही म्हणणार होता, तेवढ्यात ती म्हणाली, “दादा, आम्हाला पाच मिनिटं द्याल?” तो बिचारा लगेच बाजूला झाला आणि नापास झालेल्या पाच बॅगा रांगेनं परत लावायला लागला.

भिंतीशी एक लांब बाक होता. सुनेनं सासूला तिथं बसवलं, स्वतः शेजारी बसली.

“आई, एकतीस वर्षांत रंगावरून किती बॅगा नापास केल्यात?”

झटकाबाई पदराशी चाळा करत राहिल्या.

“सांगा ना.”

“एकही नाही.”

“मग ही कशी आहे?”

“भक्कम आहे,” त्या म्हणाल्या. “त्याचीही भक्कमच होती गं.”

सुनेनं मान खाली घातली. दोघींपैकी कुणीही चौदा महिन्यांत हा विषय काढला नव्हता.

तो, म्हणजे झटकाबाईंचा एकुलता एक मुलगा, पूल बांधणाऱ्या कंपनीत होता. महिन्यातले वीस दिवस फिरती. त्याला पहिली नोकरी लागली, तेव्हा आईनं त्याला बॅग दिली ती दुकानातली नव्हती. कारखान्याचा नियम होता, की तपासणीतून गेलेली बॅग विकायची नाही. तिनं इतकं सोसलेलं असतं, की पुढचा भरवसा देता येत नाही. चिरून भंगारात टाकायची. पण त्या सुमाराच्या एका खेपेतली निळी बॅग सगळ्या परीक्षांतून अशी निघाली, की बाईंचा जीवच बसला तिच्यावर. त्यांना वाटलं, जिनं एवढं सोसलं ती पुढचंही सोसेल. एकतीस वर्षांत एकदाच साहेबांकडे हात जोडून काही मागितलं, ते हे. नऊ वर्षं ती बॅग त्याच्यासोबत फिरली. तो दारातून निघाला, की त्या बॅगेकडे बघून त्यांना धीर यायचा. एवढी भक्कम वस्तू सोबत आहे, आता काय होणार आहे! कुणाला सांगण्यासारखी समजूत नव्हती ती. पण होती.

मग एका दुपारी साईटवरून परतताना, विमानतळाच्या वाटेवर कंपनीची गाडी उलटली. चार दिवसांनी त्याचा सहकारी बॅग घेऊन घरी आला. गाडीतून दूर फेकली गेली होती म्हणे. दाराशी ठेवली. भेटायला आलेल्यांपैकी कुणीतरी बॅगेवरून हात फिरवून म्हणालं, “बघा, ओरखडासुद्धा नाही. काय मजबूत वस्तू आहे!” बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. झटकाबाईंनी आत जाऊन नळ सोडला आणि तो कितीतरी वेळ तसाच वाहू दिला.

“मी लोकांना सांगायचे,” त्या आता बाकावर बसून म्हणाल्या, “की मी प्रवाशांसाठी काम करते. खोटं होतं ते. मी फक्त बॅगा सांभाळत होते.”

“असं नका हो म्हणू.”

“मग काय म्हणू? त्याच्यावर सही करायला कुणी होतं का?”

सून सासूकडे न बघता म्हणाली, “आई, तुम्हाला मी गेलेलं नको असेल तर सरळ सांगा. मी उद्या फोन करून नाही म्हणते. ही जागा दुसऱ्या कुणाला देतील, मी आपली फोनवर बसेन. तुमच्यावर रागावणार नाही, शपथ. पण बॅगेच्या आडून सांगू नका. बॅगेनं काय केलंय?”

झटकाबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. कितीतरी दिवसांनी बघितलं. पोरगी वाळली होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं. पण गेल्या महिन्यात या कामाचं पत्र आलं, त्या संध्याकाळी ती भांडी घासताना गुणगुणली होती. दोन ओळी. मग कुणीतरी ऐकेल म्हणून चटकन गप्प झाली होती. आतल्या खोलीतून ऐकलेलं ते गुणगुणणं झटकाबाईंनी कुणाला सांगितलं नव्हतं.

“तुला जायचंय ना?”

“हो,” सून म्हणाली. आणि मग घाईनं, जणू चूक कबूल करावी तशी, “खूप.”

“मग जा. मला भीती वाटते. ती काही जायची नाही. तू जाशील तेव्हा वाटेल, येईपर्यंत वाटेल. पण ती माझी आहे, मी सांभाळीन. तुझ्या सामानात कशाला कोंबू?”

सुनेनं सासूचा हात धरला. झटके देऊन देऊन निबर झालेला तो तळवा तिनं दोन्ही हातांत घेतला.

“मग माझं एक कराल?”

“बोल.”

“त्याची बॅग उघडाल?”

झटकाबाईंचा हात एकदम ताठ झाला.

“माझ्या पलंगाखाली आहे,” सून हळू आवाजात म्हणाली. “रोज तिच्यावर झोपते म्हणा ना. तीन-चारदा ओढून बाहेर काढली. चेनेपर्यंत हात जातो, पुढे नाही जात. त्यात त्याचे चार दिवसांचे मळके कपडे आहेत, आई. तसेच. धुवायचे राहिलेत. मी घरात असताना नका उघडू, मला बघवणार नाही. मी परत येईन तेव्हा ते धुऊन, घड्या घालून कपाटात असू देत. एवढंच.”

एकही वस्तू स्वतः तपासल्याशिवाय सही न करणाऱ्या बाई त्या. पण या खेपेला त्यांनी विचार केला नाही.

“धुते,” त्या म्हणाल्या. “शब्द देते.”

विक्रेत्यानं पावती करता करता उत्साहानं सांगितलं, “दहा वर्षांची गॅरंटी आहे हं, आजी!”

“बॅगेची,” झटकाबाई म्हणाल्या आणि पदरानं नाक पुसलं. “आणि बाळा, ती चेन उघडणारी तिसरी बॅग कंपनीला परत पाठव. कुणाला विकू नकोस.”

सोमवारी सकाळी सून निघाली. छोटीनं बॅगेवर बसून दारापर्यंत फेरी मारून घेतली आणि विचारलं, “आई गुरुवारी येणार ना, आजी?”

“तिचं तिकीट गुरुवारचं आहे,” आजी म्हणाली. “आपण वाट बघायची.”

सून पाया पडायला वाकली, तर झटकाबाईंनी तिला मधेच धरून छातीशी घेतलं. राखाडी बॅगेची चाकं बाहेरच्या फरशीवरून घरघरत गेली, जिन्यापाशी थांबली, मग आवाज बंद झाला. त्यानंतर शाळेची गाडी आली आणि छोटीही गेली.

घरात कुणी उरलं नाही. झटकाबाईंनी दाराला कडी लावली. पहाटेची प्रार्थना झाली होती, तरी पुन्हा देवासमोर जाऊन उभ्या राहिल्या. चौदा महिने त्या रोज बसत होत्या, पण मागत काही नव्हत्या. मागायला तोंडच राहिलं नव्हतं. आज हात जोडून एवढंच म्हणाल्या, “गुरुवारी तिला घरी आण.”

मग न्हाणीघरात गेल्या. मोठ्या बादलीत पाणी सोडलं. हात बुडवून पाहिलं, फार गार वाटलं, म्हणून त्यात थोडं कढत पाणी ओतलं. साबणाचा चुरा मुठीनं घातला आणि फेस होईपर्यंत हळूहळू ढवळला. गॅलरीतल्या दोरीवर त्यांची स्वतःची दोन पातळं वाळत होती. ती काढून, अर्धवट ओली तशीच खुर्चीवर टाकली. दोरी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओल्या फडक्यानं पुसली. चार शर्ट, दोन पँटी, बनियनं, मोजे. त्यांनी मनाशी अंदाज केला आणि तेवढे चिमटे मोजून दोरीला लावून ठेवले. ऊन नुकतंच गॅलरीत आलं होतं. संध्याकाळपर्यंत सहज वाळतील.

बाह्या कोपरापर्यंत वर सारून, पदर खोचून, त्या सुनेच्या खोलीकडे निघाल्या.