कुटुंब क्रमांक एक्केचाळीस

"एका दारातून दोन कुटुंबं कशी काय निघाली?" मी टॅब दीपासमोर धरला.

"घनश्याम सर, चुली दोन आहेत नं. म्या सोता पाह्यल्या."

पाहिल्या असतील, नाही तर ढाणकीच्या स्टँडवर बसून मांडल्या असतील. सर्वेक्षण सरकारचं, पण दीपासारखी फिरणारी माणसं एजन्सीची, आणि एजन्सीला पैसे कुटुंबामागे. मग घरं फुटणार नाहीत तर काय! एका चुलीवर जेवणारं ते एक कुटुंब, हा नियम मी यवतमाळच्या सांख्यिकी कार्यालयात एकतीस वर्षं पाळलाय. आता आमच्याकडे भरती बंद. मोजायचं ते एजन्सीनं, आम्ही फक्त फेरतपासणी, म्हणजे दुसऱ्यावर संशय घ्यायचा. त्यात माझा हात कोणी धरणार नाही. एक कुटुंब खोटं निघालं की तांड्याचं सगळं काम रद्द आणि पोरगी घरी.

दीपाला मी तांड्याच्या तोंडाशीच थांबवलं. सोबत आली असती तर लोकांना डोळ्यांनी खुणावलं असतं.

नेमसिंगचं घर नवं, सिमेंटचं. टॅबमध्ये कुटुंब क्रमांक चाळीस: नेमसिंग, बायको, दोन मुलं. एक्केचाळीस: त्याचे वडील धरमसिंग, एकटेच.

"चूल एक की दोन?" मी विचारलं.

नेमसिंग तडकला. "दोन कायले राहतीन साहेब? बुढा आमच्यातच जेवते. कोनं लिवलं हे?"

पाणी कुठं मुरतंय ते मला आधीच ठाऊक होतं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? नेमसिंग चहाचं सांगायला आत गेला. मी 'जुळत नाही'वर बोट ठेवणार होतो, पण याच्या तरी शब्दावर का जावं, म्हणून घराच्या मागं गेलो.

गोठ्याच्या आडोशाला तीन विटांची चूल. म्हातारा धरमसिंग भाकर थापत होता. मला पाहताच त्यानं परात मागं सरकवली.

"बाबा, वेगळे जेवता?"

"नाही जी. एकच चूल आहे आमची. हे आपलं गाईसाठी करून राह्यलो."

परातीशेजारी वाटीत लाल ठेचा होता. गाय ठेचा खात नाही, एवढं मलाही कळतं. लेकाचा राग आला आणि त्याहून जास्त माझा.

"बाबा, त्या पोरीनं तुमचं कुटुंब वेगळं लिहिलंय. तुम्ही नाही म्हणालात तर ती खोटी ठरते. काम जाईल तिचं."

त्यानं परात पुन्हा पुढं ओढली.

"थे पोरगी इथंच बसलती," तो म्हणाला. "अर्धी भाकर खाल्ली माह्या हातची. तिले खोटं नोका पाडू. लिवा."

पण फेरतपासणीत सगळी माहिती पुन्हा विचारावी लागते, तीही कुटुंबप्रमुखाच्याच तोंडून. आजवर हा नियम मला कधी जड गेला नव्हता.

"कुटुंबप्रमुख?"

"मीच."

"जेवणारी माणसं किती?"

धरमसिंग उठला. घराच्या मागच्या खिडकीकडे त्यानं एकदा पाहिलं. मग माझ्या अगदी जवळ आला आणि आत लेकाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाला, "एक."