मागच्या सीटची परीक्षा

माझ्या नवऱ्याच्या मागच्या सीटच्या परीक्षेपायी आमचे किती रविवार फुकट गेले, ते मी मोजायचं सोडून दिलं होतं. जुन्या गाड्यांच्या बाजारात एखादी परवडण्यासारखी गाडी दिसली, की हा माणूस विकणाऱ्याशी धड बोलायचाही नाही. आमच्या चिमणीची खुर्ची काखोटीला मारून मागचं दार उघडायचा, खुर्ची बांधायचा, चिमणीला तिच्यात बसवायचा, स्वतः शेजारी बसून दार लावून घ्यायचा. मग पट्टे ओढून बघ, काचेवर टकटक कर, दार दाबून बघ. चिमणी चार वर्षांची, तिला हा खेळच वाटायचा. मी आणि मावशी बाहेर उन्हात उभ्या. "दादांना आत चहा पाठवायचा का?" असं मावशी विचारायच्या आणि आम्ही दोघी हसायचो. पुढे पुढे मला हसूही येईनासं झालं.

गाडी घ्यायची होती ती मावशींसाठी. चिमणी तान्ही होती तेव्हापासून त्याच तिला सांभाळतात. त्यांच्या बाजूने येणारी बस अचानक बंद झाली आणि बाई दोन बस बदलून, घामाघूम होऊन आमच्या दारात पोचायला लागल्या. तशात त्यांच्या घराजवळच्या एका कुटुंबाने त्यांना काम देऊ केलं, अगदी चालत जाण्यासारखं. मावशींनी काही लपवलं नाही. अजून दोन महिने थांबते ताई, म्हणाल्या, पुढे मला झेपणार नाही. चिमणीला दुपारी झोपवावं तर त्यांनीच, भरवावं तर त्यांनीच. त्या गेल्या असत्या तर नोकरी मलाच सोडावी लागली असती, तिच्या बाबाला नव्हे, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

म्हणून ठरलं, की एक जुनी पण सुरक्षित गाडी घ्यायची. मावशींनी तिच्यातूनच यायचं-जायचं आणि चिमणीला शाळेतही तिच्यातूनच सोडायचं. त्यांना गाडी उत्तम येते. आधीच्या घरी त्या तिथल्या आजोबांना दवाखान्यात ने-आण करायच्या.

सोपं काम होतं हो! पण याने त्याचा पार विचका केला. एका गाडीचा पट्टा त्याला सैल वाटला. एकीचं दार पत्र्याच्या डब्यासारखं वाजलं. पांढरी गाडी बरी होती, तर तिची मागची काच छोटी, आत लेकराचा जीव गुदमरेल म्हणे. मी म्हटलं, अरे, जुनी गाडी बघतोयस की जावई? तर म्हणतो, तुला माझ्या मुलीच्या जिवाचं काही नाही. माझ्या! जशी काही त्याने एकट्यानेच जन्माला घातली.

आणि हे गाडी शोधणं चालायचं कशातून, तर याच्या स्वतःच्या गाडीतून. दोन वर्षांपूर्वी घेतलेली, चहूबाजूंनी एअरबॅग असलेली, दर शनिवारी स्वतःच्या हाताने पुसलेली. तिच्यात बिस्किट खायचं नाही, पाय वर घ्यायचे नाहीत. रोज सकाळी ती याला ऑफिसात सोडायची आणि संध्याकाळपर्यंत तिथल्या छपराखाली उभी राहायची. मी जाते कंपनीच्या बसने.

दुसऱ्या महिन्याचा शेवटचा रविवार आला आणि एक निळी गाडी पास झाली. मला तर विश्वासच बसेना. पट्टे घट्ट, दार भक्कम, किंमत आवाक्यात. विकणाऱ्याच्या माणसाने ती आमच्या मागोमाग ओळखीच्या मेकॅनिककडे आणून सोडली. मावशींनी वाटेत फोन करून त्या दुसऱ्या घराला 'मी येत नाही' असं कळवलंसुद्धा. मला इतकं हलकं वाटलं, की मी चिमणीला याच्या गाडीत बिस्किट दिलं.

मेकॅनिकने चावी फिरवली आणि डॅशबोर्डवरचे दिवे लागले. त्याने पुन्हा बंद करून फिरवली आणि तोंड वाकडं केलं. एअरबॅगचा दिवा सुरुवातीला लागून विझायला हवा, तो लागतच नव्हता. मग त्याने स्टीअरिंगचं मधलं झाकण उघडून दाखवलं. आत काही नव्हतं, रिकामी खोबण. कधीतरी जोरात ठोकलेली गाडी होती, एअरबॅग फुटल्यावर नवी न बसवता नुसतं झाकण लावून दिलं होतं. नवी बसवायची तर खर्च आमच्या ऐपतीबाहेरचा. मागच्या सीटच्या बाजूच्या एअरबॅग तेवढ्या शाबूत होत्या.

पुन्हा पहिल्यापासून? आणि उद्यापासून मावशींनी यायचं कसं?

नवऱ्याने खोबणीत बोट घालून बघितलं. मग म्हणाला, "मागच्या आहेत ना पण? चिमणी तर मागेच बसणार."

खरं सांगते, एक क्षण मलाही बरं वाटलं. सुटलो एकदाचे, असं वाटलं. मग माझं लक्ष मावशींकडे गेलं. त्या चिमणीचा हात धरून तिथेच उभ्या होत्या, हातभर अंतरावर.

"चालेल की दादा," मावशी म्हणाल्या. "मी जपून चालवीन."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच्यावर रागावलेच, पण त्याहून जास्त स्वतःवर. एवढे रविवार आम्ही त्यांना बरोबर घेऊन फिरलो आणि एकदाही त्यांना पुढच्या सीटवर बसवून बघितलं नव्हतं.

"घेऊ या ही," मी नवऱ्याला म्हटलं. "तू वापर. मावशी तुझी गाडी चालवतील."

"मी?" तो म्हणाला. "अगं, हिला पुढे एअरबॅग नाहीये."

मेकॅनिक उगाचच आपले पाने-पकडी पुसायला लागला. नवऱ्याचा चेहरा हळूहळू उतरला. त्याने खिशात हात घातला, चावी काढली आणि जरा वेळ तशीच मुठीत धरली. मग मावशींकडे न बघता ती त्यांच्यापुढे केली. निळी परत देऊ, म्हणाला, मी बसने जाईन.

मावशी नको नको म्हणाल्या, मी ऐकलं नाही. शेवटी त्या आमच्या गाडीत पुढे बसल्या. सीट नवऱ्याच्या लांब पायांच्या मापाने मागे सरकवलेली होती. त्यांनी ती पुढे ओढली, आणखी पुढे ओढली, आरसा खाली केला. मी त्यांच्या शेजारी बसले. नवरा सवयीने मागे, चिमणीच्या खुर्चीजवळ, बिस्किटाच्या चुऱ्यावर बसला.

मावशींनी आरशातून त्याच्याकडे बघितलं.

"दादा, पट्टा लावा," त्या म्हणाल्या, आणि त्याने तो लावेपर्यंत गाडी सुरू केली नाही.